तिकीट लावलेलं पाकीट

वाचकांचा प्रश्न

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझं वय ३९. नागपूरच्या महाल भागात आमचं छपाईचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. लग्नपत्रिका, मुंज, वास्तू, तेरवीची कार्डं, बिलबुकं, असं सगळं. गेल्या दिवाळीनंतर मुलाच्या शाळेतून चिठ्ठी आली, तो वर्गात एका जागी बसत नाही म्हणून. त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मुलाचं सगळं विचारून झाल्यावर सहज म्हटलं, ‘घरात अजून कोणी असं आहे का?’ बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही, फक्त पाहिलं. दोन महिन्यांनी माझ्याही फाइलवर त्याच्यासारखंच नाव पडलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं कठीण जाण्याचा आजार.

खोटं कशाला सांगू, आधी बरंच वाटलं. लहानपणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आई मला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहायला न्यायची. गर्दी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडायची तेव्हा आई माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, ‘याचा आळस घेऊन जा गे मारबत.’ मी तेव्हा तिसरीत असेन. ती गंमत करत नव्हती. मनापासून सांगत होती.

चार महिन्यांपासून गोळी सुरू आहे. सकाळी आठला, नाश्त्यानंतर. दिवसभर टिकणारी आहे म्हणाले. डोक्यातला बाजार शांत झाला हे खरं. पण मी आहे तिथेच आहे. एक उदाहरण देतो. एका ओळखीच्या क्लासवाल्यानं व्हॉट्सॲपवर ५०० डायऱ्यांचा भाव विचारला. कागद, छपाई, बाइंडिंग, बेरीज. दहा मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी म्हटलं, कागदाचा आजचा भाव विचारून सांगू. दुसऱ्या दिवशी राहिलं. चौथ्या दिवशी म्हटलं, आता उशीर झालाच आहे तर नीट लेटरहेडवर कोटेशन देऊ. लेटरहेड जुनं वाटलं म्हणून नवीन डिझाइन करायला घेतलं. त्यात अख्खी दुपार गेली. लेटरहेड सुंदर झालं. भाव आजपर्यंत गेला नाही, १९ दिवस झाले. त्याचा मेसेज मी उघडतही नाही. परवा तो इतवारी बाजारात दिसला तर मी गल्ली बदलली.

आणि हाच मी लग्नसराईत रात्री नऊला कोणी आलं, ‘भाऊ, परवा वाटायच्या आहेत’ म्हणालं, की ४० मिनिटांत मजकूर लावतो, प्रूफ देतो, प्लेट करून पहाटे दोनपर्यंत मशीनवर उभा राहतो. आजे-सासऱ्यांपासून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’वाल्या चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत एका नावात चूक नसते. मग जीएसटीचं रिटर्न काहून होत नाही? पोरं झोपली की रात्री ११ला बसतो, पोर्टल उघडतो आणि स्क्रीनकडे पाहत राहतो. दिवसाला ५० रुपये लेट फी भरून राहिलो. सकाळी दुकान रिकामं असतं, तेव्हा डिझाइनमध्ये वेळ कुठं जातो कळत नाही. बँकेत पैसे असताना वीज कापायला माणूस दारात आला. कूलरच्या ताट्या आणि पंप मार्चमध्येच आणून ठेवला होता. पंप पिशवीतच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साळ्यानं येऊन बसवला, तोवर पोरं ४४ डिग्रीत पंख्याखाली झोपली. त्याला २० मिनिटं लागली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

कळतं सगळं, हातून होत नाही. मग गोळीचा उपयोग काय? की हा माझा स्वभावच आहे, आणि आजाराचं नाव मी बहाणा म्हणून वापरून राहिलो?

– एक वाचक, महाल, नागपूर (नाव छापू नये)

ता. क. मॅडम, मी यांची बायको. हे पत्र यांनी ३ तारखेला लिहिलं, पाकिटात घातलं, पत्ता टाकला, तिकीटही लावलं. आज २१ आहे. मीच पेटीत टाकून राहिली. आठवण करून दिली तर भांडण होते, नाही दिली तर काम होत नाही. मी यांची बायको आहे की आई, हेच समजून नाही राहिलं.

उत्तर

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त सांगून गेलेली गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही, ती ताईंनी लिहिली. पाकिटावर तिकीट लावलेलं होतं. टाळायचं असलेला माणूस पत्र लिहीत नाही. लिहिलं तर पत्ता शोधत नाही, आणि पोस्टाचं तिकीट आणायला तर मुळीच जात नाही. तुम्ही पंप आणलात, ताट्या आणल्यात, पत्राला तिकीट लावलंत आणि शेवटच्या वितीवर थांबलात. बहाण्याचा प्रश्न माझ्यापुरता इथेच मिटला. बहाणा करणारे लोक माझ्याकडेही येतात. त्यांची रात्रीची झोप उत्तम असते, आणि क्लासवाला दिसला तर ते हसून ‘काय म्हणता’ विचारतात.

तुम्ही म्हणता, ‘कळतं सगळं, हातून होत नाही.’ रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सारी हयात या विषयावर काम केलं, आणि त्यांचं सांगणं थोडक्यात हेच आहे, की एडीएचडीत माहितीची उणीव नसते, माहीत असलेलं ऐन वेळी अमलात आणण्याची यंत्रणा लंगडी पडते. त्यामुळे तुम्हाला ‘वेळेचं महत्त्व’ समजावणारी पुस्तकं, पहाटे पाचला उठायला सांगणारी रील्स आणि नातेवाईक, तिघेही निरुपयोगी. नियोजनाची सुंदर डायरी तर आणूच नका. तुम्ही तिचं मुखपृष्ठ बदलायला घ्याल.

आईंवर मात्र राग धरू नका. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर गाजलेली व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत असून स्वतःला आवरता न येणारी मुलं त्यांनी नेमकी टिपली, आणि नाव काय दिलं? ‘नैतिक नियंत्रणातला दोष’. म्हणजे लंडनचा मोठा डॉक्टरही तेव्हा फारसं वेगळं सांगत नव्हता. पुढे कित्येक दशकं हा लहान मुलांचाच आजार, मिसरूड फुटली की जातो, असं धरून चाललं. मी शिकत होते तेव्हाही मोठ्यांच्या ओपीडीत हा शब्द क्वचितच कानावर यायचा. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली, तिनं मोठ्यांसाठी निकष थोडे सैल केले. नऊपैकी सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात. पण त्यातली काही बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, कारण चाळिशीत अचानक उगवलेला विसराळूपणा बहुतेक वेळा दुसरंच काही असतो. कधी थायरॉइड, कधी घोरणं आणि तुटकी झोप, कधी नैराश्य. तुम्ही तिसरीत असताना आईनं मारबतीला जे साकडं घातलं, तो तुमच्या निदानाचा चांगला पुरावा आहे. तुमच्या डॉक्टरांना सांगितलं नसेल तर सांगा. मुलाचं निदान होताना बापाचं होणं ही तर आमच्या दवाखान्यातली रोजची गोष्ट. जुळ्यांच्या अभ्यासांत या आजाराची आनुवंशिकता ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघते, जवळपास उंचीसारखी.

आता गोळी. तुमच्याच धंद्यातलं सांगते. गोळी म्हणजे मशीनला मिळणारी वीज. व्होल्टेज नीट झालं, मशीन अडखळत नाही. पण प्लेट कोणती चढवायची हे वीज सांगत नाही. लेटरहेडच्या त्या दुपारी तुमची गोळी झकास काम करत होती! तीन-चार तास मान न उचलता बसलात, आधी बसला असता का? फक्त प्लेट चुकीची चढली होती.

आणि घड्याळ पाहा. सकाळी आठला घेतलेली दिवसभराची गोळी साधारण आठ ते बारा तास चालते, म्हणजे संध्याकाळी उतरते. तुम्ही रिटर्नला बसता रात्री ११ला, गोळी उतरून तीन तास झाल्यावर, दिवसभर उभं राहून पाय दुखत असताना. आणि सकाळी ९ ते १२, दुकान रिकामं, गोळी ऐन भरात, तेव्हा तुम्ही फॉन्ट निवडता. तुमचे सोन्याचे तीन तास गोड कामाला जातात आणि कडू काम उरल्यासुरल्या मेंदूच्या वाट्याला येतं. रात्री आणखी एक गोळी घेऊन हे सुटणार नाही, झोप मात्र जाईल. वेळ आणि मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील, मी मासिकातून ठरवणार नाही. पण कधी चढते, कधी उतरते, भूक, झोप, नाडी, हे आठवडाभर एका कागदावर टिपून त्यांच्याकडे न्या. ‘ठीक आहे’ एवढंच सांगून उठू नका. तुम्ही लोक हमखास तेच करता.

एक आगाऊ प्रश्न. चार महिने गोळी सुरू आहे म्हणता, पण चार महिने रोज घेतली का? नाव तुम्ही लिहिलं नाही, ती मिथिलफेनिडेट असेल तर आपल्याकडे ती औषधांच्या ‘एक्स’ अनुसूचीत येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषध दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि हरेक दुकानात ती मिळतही नाही. गैरवापर टाळायला नियम हवा हे मान्य. पण ज्या माणसाला कागद सांभाळणं जमत नाही म्हणून औषध द्यायचं, त्याच औषधासाठी सगळ्यात जास्त कागद, ही गंमत आहेच. संपण्याच्या आठ दिवस आधीची तारीख ताईंच्या नव्हे, तुमच्या फोनमध्ये अलार्म म्हणून हवी.

आता ते १९ दिवस. पत्र माझ्यापर्यंत येईतो ३७ तर झालेच, हा अंक हातात पडेपर्यंत आणखी. पहिल्या दिवशी ते काम दहा मिनिटांचं होतं. चौथ्या दिवशी त्यात लाज मिसळली, म्हणून लेटरहेड हवं झालं. उशिराची भरपाई सुबकपणानं करायची तुमची जुनी सवय असणार. शाळेतही वही उशिरा द्यायची आणि समासाला नक्षी काढायची, असंच ना? १९व्या दिवशी कामात डायरी उरलेलीच नव्हती, सगळी लाजच होती. हा थर गोळीनं विरघळत नाही. २०१० साली अमेरिकेत स्टीव्हन सॅफ्रेन आणि सहकाऱ्यांनी नेमका तुमच्यासारख्यांचा अभ्यास केला, औषध सुरू आहे तरी त्रास उरला आहे अशा ८६ प्रौढांचा. निम्म्यांना बोधात्मक वर्तन उपचाराची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची, १२ सत्रं, निम्म्यांना शरीर-मन सैल सोडण्याचं शिक्षण आणि जोडीला आधार. पहिल्या गटाला स्पष्ट जास्त फायदा झाला. गोळीनंतरही अडकणं ही तुमची खासगी नालायकी नाही, त्यावर वेगळा उपचार आहे. डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे किंवा मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात असं काम करणारे मानसतज्ज्ञ कोण आहेत.

तोवर क्लासवाल्याला एवढंच पाठवा : ‘नमस्कार. भाव द्यायला फार उशीर झाला, माफ करा. डायऱ्या अजून हव्या आहेत का?’ कारण सांगायचं नाही. ‘तब्येत’, ‘कागदाची टंचाई’ काही नाही. ‘संध्याकाळपर्यंत पाठवतो’ असं तर अजिबात लिहायचं नाही, नाहीतर उद्या टाळायला नवीन वचन तयार. तो ‘घेतल्या हो दुसरीकडून’ म्हणेल, बहुधा तेच म्हणेल. म्हणू द्या. ५०० डायऱ्या गेल्या, इतवारी परत मिळाली.

रात्री नऊच्या गिऱ्हाइकाचं कोडं उरलं. (माझ्या लग्नाच्या पत्रिकेत सासऱ्यांचं नाव चुकलं होतं, आजही निघतं घरात. त्यामुळे ‘एका नावात चूक नसते’ याची किंमत मला कळते.) त्या वेळी तुमच्याजवळ काय असतं बघा. काउंटरला टेकून उभा असलेला माणूस. परवाची तारीख. डोळ्यांसमोर होत जाणारं काम. आणि थोडी भीती. रिटर्नजवळ यातलं काहीच नसतं, म्हणून तुम्ही भीती वाढण्याची वाट पाहता. वीज कापायला माणूस आला की गाडी सुरू. भीतीवर गाडी चालते, पण दिवसाला ५० रुपये दरानं, आणि चाळिशीत रक्तदाबासकट.

तर भीती वगळून बाकीचं उसनं आणा. नागपुरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. घरी टेबल-खुर्ची असताना पोरं पैसे भरून तिथं का बसतात? कोणी शिकवत नाही, कोणी बोलत नाही. शेजारी दुसरा माणूस खाली मान घालून बसलेला असतो, एवढंच. तुम्हालाही तेवढंच लागतं. रिटर्नच्या दिवशी सकाळी साडेनऊला दुकानातला पोरगा समोर बसवा, त्याला पावत्या मोठ्यानं वाचू द्या. तरी जमलं नाही तर महिन्याचे पैसे ठरवून करसल्लागाराला देऊन टाका, लेट फीपेक्षा महाग पडणार नाही. विजेचं बिल बँकेतून आपोआप जाऊ द्या. जे इच्छाशक्तीशिवाय होऊ शकतं त्यावर ती खर्च करायची नाही, तुमच्याकडे ती मोजकीच आहे.

आणि रोजचं एकच. शटर वर गेलं, बाबांच्या फोटोला उदबत्ती लावली, की कंप्युटरचं बटण दाबण्याआधी हातात एक कागद. त्यावर एकच कडू काम, आदल्या रात्री लिहिलेलं. ‘हे झालं की ते’ असं आधीच्या सवयीला बांधलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा होतं, हे पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी बऱ्याच प्रयोगांतून दाखवलं आहे. कागदावर दोन कामं लिहू नका. तुम्ही सोपं निवडाल.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेणार नाही. गल्ली बदलणं वाढत गेलं, झोप-भूक गेली, जगण्याचाच कंटाळा मनात येऊ लागला, तर पत्र लिहू नका. डॉक्टरांना गाठा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करा. चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.

ताई, आता तुम्ही. आठवण करून देणं आणि सोबत बसणं यात फरक आहे. स्वयंपाकघरातून ‘केलं का?’ असा आवाज आला की त्यांना तो तिसरीतल्या बाईंचा ऐकू येतो, मग भांडण कामावर होत नाही, तीस वर्षांच्या बोलण्यांवर होतं. आणि ते बोलणं तुमचा मुलगा शेजारच्या खोलीतून ऐकतो, त्याच्याही फाइलवर तेच नाव आहे. यादी तुमच्या डोक्यात ठेवू नका, ती त्यांच्या कागदावर राहू द्या. आठवड्यातला एक तास ठरवा, समजा रविवारी सकाळी दहा. त्या तासात तुम्ही तुमचं काही घेऊन बसा, भाजी निवडा, पेपर वाचा, ते त्यांचं काम करतील. बाकी सहा दिवस विचारायचं नाही. काही कामं बुडतील. बुडू द्या. पहिले दोन महिने कठीण जातील, तेही तुम्हालाच जास्त.

पुढच्या मार्चमध्ये भावाला बोलवा, जरूर बोलवा. पण पंप यांना बसवू द्या, आणि बाजूला उभं राहायचं काम भावाकडे द्या. २० मिनिटांचे ४० होतील.

आणि पुढचं पत्र लिहून झालं की ते तुम्ही पेटीत टाकू नका. पायात चपला घाला, त्यांच्यासोबत पेटीपर्यंत चालत जा. टाकू त्यांनाच द्या.